घागरीतला खड्डा

जमीन कधी खोटं बोलत नाही, यावर खांब गावच्या खरिवले घराण्याची पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा होती. पणजोबा हे वाक्य सारा भरताना म्हणत, आजोबा भावकीच्या भांडणात म्हणत आणि हैबतराव ते कुठेही म्हणत. जमीन बोलतच नसल्यामुळे वाक्य खोडून काढायची सोय नव्हती. शिवाय तिच्या वतीने खोटं बोलायला घरात माणसं पुरेशी होती.

रविवारी सकाळी हैबतरावांची पुतणी सुरभी घागरीत उकिडवी बसून खड्ड्यातल्या काठीकडे बघत होती. घागर म्हणजे हैबतरावांचं घराखालचं भाताचं खाचर. पाणी धरण्याच्या कीर्तीवरून त्याला हे नाव पडलेलं. काल संध्याकाळी अष्टमी गावातल्या आपल्या फ्लॅटवर परत जाताना तिने काठीवर विळ्याने खाच पाडली होती आणि पाणी बरोबर त्या खाचेपर्यंत भरलं होतं. आता रात्र उलटली होती, वैशाख होता, सगळं शिवार भेगाळलं होतं. आणि पाणी खाचेच्या चार बोटं वर होतं.

सुरभी सिव्हिलचा डिप्लोमा करून पेणच्या एका ठेकेदाराकडे कामाला लागली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. खड्ड्यातलं पाणी भरभर उतरताना तिने पाहिलं होतं, न उतरताना पाहिलं होतं. जमिनीने ते व्याजासकट परत केल्याचं ती पहिल्यांदाच पाहत होती.

"आबा, पाणी वाढलंय."

हैबतराव बांधावर उभे होते. सत्तरीचे, खांद्यावर टॉवेल, चेहरा देवळातून नुकत्याच आलेल्या माणसाचा.

"वाढनारच. घागर हाय ती."

"घागरीतसुद्धा कुणीतरी ओतल्याशिवाय पाणी वाढत नाही."

"तुला कालच बोल्लो, हितं पानी मुरत नाय. माझ्या बापाच्या वक्ताला जोह्याचा एक मूर्तिवाला आलता. माती हातात घेतली नि बोल्ला, हिचा गनपती केला तर तो इसर्जनाला नाय म्हनेल."

"न मुरणं वेगळं, वाढणं वेगळं."

"चांगल्या जमिनीला जास्ती इचारू नये," हैबतराव म्हणाले आणि विषय संपवल्यासारखे खाकरले.

विषय मात्र संपण्यासारखा नव्हता. गेल्या पावसाळ्यात सुरभीची आई शांती उताराच्या टोकाला असलेल्या जुन्या संडासाकडे जाताना चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ती अष्टमीला लेकीकडे दुसऱ्या मजल्यावर होती. हाड जुळलं होतं, वॉकर घेऊन ती हिंडत होती, पण मन फ्लॅटला जुळत नव्हतं. खिडकीतून कुंडलिकेवरचा पूल दिसतो, याचं कौतुक तिला दोन दिवस पुरलं. त्यानंतर तिने रोज सकाळी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "मला घरी कवा नेतेस?" डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं: खोलीला लागून संडास असेल तर न्या, पायऱ्या उतरायच्या असतील तर नेऊ नका. पाऊस महिन्यावर आला होता. या पावसाआधी झालं नाही तर आणखी एक वर्ष तो पूल.

संडास बांधणं अवघड नव्हतं. त्याचं पाणी जाणार कुठे, यावर गाडी अडली होती. टाकीत घाण खाली बसते आणि वरचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत जातं. ते जमिनीने बेताने प्यायला हवं. घटाघटा प्यायली तर ते विहिरीत उतरतं. प्यायलीच नाही तर आषाढात सगळं अंगणात परत येतं. म्हणून सुरभीने दोन ठिकाणी खड्डे घेतले होते. एक घागरीत, कारण उतार तिकडे होता. दुसरा तिच्या भावाच्या, रितेशच्या वालाच्या तुकड्यात, कारण तिथे मुरूम होता. कोरड्या मातीवर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून आदल्या दिवशी खड्डे भरून माती भिजवायची आणि दुसऱ्या दिवशी मोजायचं, एवढाच प्रकार होता. पेणला हे काम दोन मजूर विडी ओढता ओढता करत.

पेणचे मजूर तिचे नातेवाईक नव्हते.

सुरभीने काठीवर नव्या पातळीला नवी खाच पाडली आणि ती घरी गेली.

घर एकाच कौलाखाली होतं, पण मधे भिंत होती. सुरभीचे वडील असताना त्यांची आणि थोरल्या भावाची, आबांची, वाटणी झाली, तेव्हा शेतं वाटली, आंबे वाटले, पाटा आबांकडे गेला आणि वरवंटा शांतीकडे आला. तेव्हापासून दोन्ही घरं मिक्सर वापरत होती. आता टाकी मात्र दोन्ही घरांची मिळून एकच बांधायची, असं आबांच्या सुनेने, समीक्षाने, सगळ्यांना कबूल करायला लावलं होतं. त्यासाठी तिने काय केलं हे कुणाला कळलं नाही. गणेश, म्हणजे तिचा नवरा, त्या आठवड्यात हायवेवरच्या आपल्या चहाभजीच्या टपरीवरच जेवला, एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं.

शांती ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. अष्टमीहून निघताना ती हट्टाने नऊवारी नेसून आली होती.

"काकी, चाय घ्या," समीक्षा म्हणाली.

"नको गो. चाय घेतली का पुढचं आलंच."

"अर्धा कप."

"अर्ध्याचं बी येतंच."

हैबतराव आले आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला, शांतीकडे पाठ करून बसले. शांतीने पदर डोक्यावर ओढला. मोठा दीर आणि धाकट्या भावाची बायको यांनी एकमेकांशी सरळ बोलायचं नसतं, हा रिवाज गावात बाकी सगळीकडे मोडला होता. हे दोघे तो गेली कित्येक वर्षं पाळत होते, आणि त्या आडून मनसोक्त भांडत होते.

"सुरभे, तुझ्या आईला सांग, घागरीत पानी वाढलंय."

"आबा, ती तीन हातांवर बसलीय."

"सांग तिला."

"सुरभे," शांती खांबाकडे बघत म्हणाली, "तुझ्या आबांना सांग, आमच्या डोळ्यांदेखत भर श्रावणात घागर फुटलीवती. बांधातून पानी गेलं नि भाताचा सगळा आवाण पिवळा पडला."

"तो खेकडा होता! खेकड्यानं बीळ पाडलंवतं! तिला सांग, खेकड्याचं पाप जमिनीवर घालू नको!"

"मला कुनी सांगितलंवतं का, खेकडा व्हता म्हनून?"

"आई," सुरभी म्हणाली, "मी माती तपासायला आलेय, खेकडे नाही."

तिने घड्याळाकडे पाहिलं आणि परत घागरीत गेली. पाणी नव्या खाचेच्याच नव्हे, जुन्या खाचेच्याही वीतभर खाली गेलं होतं. ती बघतच राहिली. मागून हैबतराव आले, त्यांनी खड्ड्यात डोकावलं आणि त्यांचा चेहरा असा पडला, की सुरभीला क्षणभर वाटलं, त्यांना धरावं लागेल.

"चोरलं कुनीतरी," ते म्हणाले.

"काय?"

"पानी. चोरलं."

"आबा, खड्ड्यातलं गढूळ पाणी कोण चोरेल?"

"मला काय म्हाइत? पन घागर पीत नाय. माझ्या जन्मात प्यायली नाय."

सुरभीने दीर्घ श्वास घेतला. तिच्या हिशेबाने ही जमीन रात्रभर पाणी बनवत होती आणि सकाळी ते पीत होती. अशा जमिनीवर शोषखड्डा घ्यावा की तीर्थक्षेत्र काढावं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

वालाच्या तुकड्यात रितेश तिची वाटच बघत होता. धाटावच्या कंपनीतली नाइट शिफ्ट संपवून आलेला, डोळे लाल, पण उत्साह दांडगा. शेजारी गणेश होता. हे दोघे चुलतभाऊ सहसा एकमेकांच्या सावलीत उभे राहत नसत. आज खांद्याला खांदा लावून उभे होते. दोघांची इच्छा एकच होती, शोषखड्डा आपल्यात नको, दुसऱ्याच्यात असू दे. आणि दोघांच्याही मते ते या क्षणी एकमेकांना मदत करत होते.

"बघ ताई," रितेश म्हणाला, "एक थेंब उतरला नाय. कालपासून हाय तिथंच हाय."

"नाय उतरला," गणेशने साक्ष दिली. सकाळपासून त्याने घागरीबद्दलही हीच साक्ष दिली होती.

पाणी खरंच खाचेला होतं. शिवाय ते स्वच्छ होतं, तळाची खडी दिसत होती. सुरभीने बाही वर सारली आणि हात आत घातला. खडीखाली माती गुळगुळीत लागली. तिने ती चिमटीत धरली आणि वर ओढली. माती वर आली. आली ती ओढावी तेवढी येतच राहिली.

"हे काय आहे?"

"माती," रितेश म्हणाला.

"रितेश, या मातीवर 'हुक लावू नये' असं छापलंय."

खताच्या गोणीचं प्लॅस्टिक तिने पुरतं बाहेर काढलं. खड्ड्यातलं पाणी एकदा गुडगुडलं आणि बघता बघता दिसेनासं झालं. मुरूम घटाघटा पीत होता. वरच्या अंगाची जागा, खाली विहीर. सुरभीने वालाच्या तुकड्यावर मनातल्या मनात फुली मारली. रितेशने काहीही केलं नसतं तरी हेच झालं असतं. पण खरिवल्यांना काही न करता बसण्याची सवय नव्हती.

"कशाला केलंस हे?"

"अगो, रस्त्याकडेची जागा हाय. उद्या कोन घेनार? गिऱ्हाइकाला काय सांगू, बस जेवायला, खाली संडासाचं पानी हाय?"

"कुठलं गिऱ्हाईक?" गणेशने विचारलं.

रितेशने जीभ चावली. पण थोडा उशिराच.

"जेवायला म्हंजे? कोन जेवनार हितं?"

"कोलाडचा एक जन इचारत व्हता. ढाबा टाकायचाय त्याला. नुसतं बोलनं झालंय."

"माझ्या टपरीच्या समोर ढाबा?"

"समोर कुठं? तिरकस पडते."

"दादा, दादा करून मला साक्षीला उभा केलास नि माझ्याच पोटावर पाय?"

"मंग तू काय धर्म करायला उभा व्हतास? तुला फकस्त घागर वाचवायची व्हती!"

"माझ्या बापाची हाय घागर!"

"नि हा तुकडा काय तुझ्या सासऱ्याचा?"

माझ्या सासऱ्याचं नाव घेतलंस का, कुणाचं नाव घेतलं, असं करत भांडण वालाच्या तुकड्यातून खळ्यावर आलं. खळं घरासमोर असल्यामुळे समीक्षाही हातातलं पातेलं घेऊन त्यात आली.

"हो, ढाबाच टाका," ती म्हणाली. "पण संडासाचं आधी बोला. मला या पावसात त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. काकी पडल्या, उद्या मी पडेन, मग टपरीवर भजी कोण तळणार? हे?"

"वयनी, तुमच्याच घागरीत होऊ दे की मंग!" रितेश म्हणाला. "आता तर ती बी प्यायला लागलीय!"

"घागर पीत नाय!" गणेश ओरडला.

"गणेशदादा, वीतभर पाणी गेलंय, मी बघितलंय," सुरभी म्हणाली.

"मी पन बघितलंय," समीक्षा म्हणाली.

"तू कवा बघितलंस?"

"मीच नेलं की." समीक्षाला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. "मिरचीची रोपं सुकत होती. विहीर तळाला गेलीय, आणि तिकडे खड्ड्यात पाणी नुसतं उभं. सकाळपासून चार कळश्या नेल्या. दर वेळी जाते तर खड्डा भरलेलाच. मी म्हटलं, घागर म्हणतात ते काय उगाच नाही."

सुरभीने डोळे मिटले. कालपासून दोन खड्डे, दोन काठ्या, अष्टमी ते खांब दोन फेऱ्या. त्यातून एवढंच सिद्ध झालं होतं, की समीक्षाची मिरची जगेल.

"सुरभे," ओटीवरून आवाज आला. "मला जायाचंय."

"थांब गं आई, आपण जाऊच. झालं की निघू." सुरभी वळलीसुद्धा नाही. "वहिनी, तुम्ही पाणी काढत होता, हे कळलं. मग घालत कोण होतं?"

"माझ्याकडं काय बघतेस?" गणेश म्हणाला. "मी नाय. मी फकस्त साक्षीला."

"प्लॅस्टिकवाल्याला विचार," समीक्षा म्हणाली.

"वयनी, मी माझ्याच खड्ड्यात प्लॅस्टिक घातलं! दुसऱ्याच्या खड्ड्यात मी कवा हात घातला नाय!"

"गो सुरभे. मला जायाचंय गो."

"पाच मिनिटं, आई! हे बघा, मला एक खरा आकडा पाहिजे. एक. आज सगळ्यांनी ओटीवर बसायचं, कुणी जागेवरून हलायचं नाही, मी खड्डा परत भरते आणि—"

"तू कोन आम्हाला हलू नका सांगनारी?" गणेश म्हणाला. "लग्न होऊन गेलीस ना अष्टमीला?"

"मग आईला तूच सांभाळ ना इथे. सांभाळतोस? मी आत्ता तिची पिशवी उतरवते."

"माझी आई हाय, त्याला काय सांगतेस?" रितेश मधे पडला.

"तुला सांगून वर्ष झालं! तू ढाबा काढतोयस!"

रितेशने तिची नजर चुकवून ओटीकडे पाहिलं. तो तसाच थांबला.

"आई कुठाय?"

खुर्ची रिकामी होती. वॉकर नव्हता. खळ्याच्या कडेने धुळीत चार-चार ठशांची रांग गेली होती, कुठे सरळ, कुठे वाकडी, आणि ती थेट उताराच्या पायऱ्यांकडे जात होती.

भांडण जागच्या जागी पडलं. सुरभी सर्वांत पुढे धावली. चपला कुठे गेल्या तिला कळलं नाही. आपण पाच मिनिटं म्हणालो, हे मात्र तिला पावलापावलाला कळत होतं. मागे रितेश "आये! आये!" करत होता आणि गणेश त्याच्या दंडाला धरून "जपून, चिरे हालतात" म्हणत होता.

पायऱ्यांच्या वर वॉकर उभा होता. एकटाच.

खाली, संडासाच्या पत्र्याच्या दारापासून काही पावलांवर, हैबतराव पाठ करून उभे होते. नजर समोरच्या डोंगरावर. हातात काहीच नव्हतं, पण धोतराचा सोगा गुडघ्यापर्यंत ओला होता आणि पाय चिखलाने भरले होते. गेले कित्येक दिवस खांबला चिखल कुठेच नव्हता. होता तो घागरीतल्या खड्ड्याभोवती.

"आबा! आई?"

"हळू बोल. आत हाय."

"उतरली कशी?"

"माझ्या खांद्याला धरून. मी घागरीकडं चाल्लोतो, ती वरून हाक मारत आली. बोल्ली, भावजी, हात द्या. नि पानी आना." त्यांनी ओला सोगा पिळला. "माझ्याकडं बादली व्हतीच."

सगळे त्यांच्या पायांकडे बघू लागले. समीक्षाने पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मामंजी," ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही घालत होता आणि मी काढत होते?"

"तू काढत व्हतीस?" हैबतराव पहिल्यांदाच वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हरवलेली म्हैस सापडल्यासारखा आनंद होता. "बोल्लोतो का नाय, चोरलं म्हनून? घागर प्यायली नाय!"

"आबा, रात्री पाणी उतरताना दिसलं म्हणून तुम्ही ओतलंत, पण ते उतरलं भेगांमुळे," सुरभी हाशहुश करत म्हणाली. "भिजून भेगा बुजल्या की तुमची घागर पाणी धरणारच होती. तुम्ही काही केलं नसतं तरी. म्हणूनच तिथे शोषखड्डा चालणार नाही. तुमची जमीन त्याला नालायक आहे."

"लिहून दे," हैबतराव म्हणाले.

आतून बादली उपडी केल्याचा आवाज आला, मग पाणी खाली गेल्याचा. कुठे अडलं नाही, तुंबलं नाही, सरळ गेलं. सुरभीने तो आवाज ऐकला. पेणला ती असे आवाज पैसे घेऊन ऐकत असे. तिने आजूबाजूला पाहिलं. जागा विहिरीपासून बरीच लांब, आणि खालच्या अंगाला. पायाखाली माती आणि मुरूम, दोन्ही.

"आबा, हा खड्डा शेवटचा कधी उपसला?"

"कुठला?"

"हा. संडासाचा."

"उपसायचा कशाला? भरलाच नाय कवा."

"पावसात वर येतो?"

"नाय."

"एकदाही नाही? दोन्ही घरची माणसं, गौरी-गणपतीला मुंबईची पाव्हणी..."

"शिमग्याला बी," गणेश म्हणाला.

दार कुरकुरलं. शांती चौकट धरून बाहेर आली. पदर डोक्यावर होता, चेहऱ्यावर सकाळपासून नसलेली शांतता.

"भावजींनी नि तुझ्या बापानं मिळून खनला," ती म्हणाली. "तवा बोलत व्हते एकमेकांशी."

"आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस? आबा, तुम्ही?"

"तू इचारलंस कुठं?" हैबतराव खरोखरच चकित झाले. "तू जमीन इचारलीस. ही काय जमीन हाय?"

सुरभी पायरीवर बसली. खोलीपासून इथवर उतार आपसूक होता. आईच्या खोलीला लागून संडास आणि टाकी बांधायची, नळी इथवर आणायची, खड्डा जरा रुंद करायचा. पावसाआधी सहज होण्यासारखं होतं. शांतीने सरळ हैबतरावांकडे बघत हात पुढे केला, "धरा भावजी, वर जाऊ," आणि त्यांनी तो मधे कुणालाही निरोप न सांगता धरला.

"पन ही जागा कुनाच्यात येते?" रितेशने विचारलं. आवाजात नव्याने बळ आलं होतं.

"व्हय, ते बघाया पायजे," गणेश म्हणाला.

दोघांनी आबांकडे पाहिलं. आबांनी शांतीकडे पाहिलं. वाटणीच्या वेळी दोन्ही भावांनी खाचरं मागितली होती, आंबे मागितले होते, पाटा मागितला होता, वरवंटा मागितला होता. संडास कुणीच मागितला नव्हता.